घर सोडताना डिपॉझिटमधून झालेली कपात: भाडेकरूने हिशेब कसा मागावा

नोकरी किंवा शिक्षणासाठी पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरात पहिल्यांदाच भाड्याने राहणाऱ्या माणसाला घर घेतानाचे सोपस्कार कोणी ना कोणी समजावून देतो, कारण तिथे एजंट हजर असतो. घर सोडतानाचे सोपस्कार मात्र कोणी सांगत नाही, कारण त्यात कोणालाच दलाली मिळत नाही. सामान टेम्पोत चढते, चावी मालकाच्या हाती जाते आणि पंधरा-वीस दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक हिशेब येतो: रंगकाम इतके, साफसफाई इतकी, गिझर इतका, बाकी डिपॉझिट इतके. तोपर्यंत आपण दुसऱ्या घरात स्थिरावलेलो असतो, जुन्या घरात नवा भाडेकरू आलेला असतो आणि त्या भिंती पुन्हा पाहण्याची सोय उरलेली नसते.

हा लेख महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराने, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची परवानगी देणाऱ्या कराराने, राहण्यासाठी घर घेतलेल्यांसाठी आहे. जुन्या पागडीच्या घरांचे नियम वेगळे आहेत आणि दुकान-ऑफिसचे व्यवहारही वेगळ्या रीतीने चालतात, म्हणून ते येथे घेतलेले नाहीत.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की असावी. डिपॉझिट हे भाडेकरूचे पैसे असतात आणि मालकाकडे ते केवळ तारण म्हणून ठेवलेले असतात. त्यातून काही कापायचे असेल तर कशासाठी, किती आणि कशाच्या आधारावर, हे दाखवण्याची जबाबदारी कापणाऱ्याची आहे. व्यवहारात मात्र पैसे मालकाच्या खात्यात असल्यामुळे सगळे उलटे होते आणि भाडेकरूच आपण घर कसे नीट ठेवले होते याची विनवणी करत बसतो. पुढे दिलेल्या सर्व पायऱ्यांचा हेतू हा उलटा झालेला क्रम सरळ करणे, म्हणजे वाद स्वभावावरून हिशेबावर आणणे, एवढाच आहे.

करार काढून वाचावा

बहुतेकांनी करारावर अंगठा टेकवलेला असतो, पण तो वाचलेला नसतो. घर सोडण्याचा विचार सुरू होताच तो काढून सहा गोष्टी शोधाव्यात: डिपॉझिटची रक्कम, ते केव्हा परत करायचे याची मुदत, त्यातून कशाकशाची कपात करता येईल याचे कलम, रंगकाम किंवा साफसफाईसाठी ठरावीक रक्कम लिहिली आहे का, लॉक-इन (ज्या काळात घर सोडायचे नाही असे ठरलेले असते तो काळ) व नोटिशीचा कालावधी, आणि घरातील वस्तूंची यादी. डिपॉझिट बिनव्याजी असेल आणि घराचा ताबा परत देताना ते परत केले जाईल, असा मजकूर सर्रास आढळतो. घर होते त्या स्थितीत परत द्यावे, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज त्याला अपवाद राहील, अशा अर्थाचे वाक्यही पुष्कळ करारांत असते, आणि पुढच्या सगळ्या वादात भाडेकरूला सर्वांत जास्त उपयोगी पडणारे वाक्य तेच असते. भाडेपट्ट्याच्या बाबतीत हेच तत्त्व मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये आहे. लिव्ह अँड लायसन्स हा तांत्रिकदृष्ट्या भाडेपट्टा नसल्यामुळे आपल्या करारात ते वाक्य आहे की नाही हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

कराराची प्रत जवळ नसेल तर नोंदणी झालेल्या दुय्यम निबंधक कार्यालयातून ती मिळवता येते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोध घेऊन इंडेक्स-२, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, काढता येतो, आणि दोन्ही पक्षकारांची नावे, मुदत, भाडे व डिपॉझिट हे मूळ तपशील त्यातून हाती येतात.

नोंदणीच झालेली नसेल तर? पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप करून त्यावर नोटरीचा शिक्का मारला की काम झाले, अशी समजूत अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले होते याविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. या कलमाचा भंग करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा मुद्दा भाडेकरूच्या बाजूने भक्कम असला तरी पहिल्याच निरोपात तो बजावून सांगू नये. सहज सुटू शकणारा वाद त्याने चिघळतो, आणि गरज पडली तर नोटिशीत तो मांडता येतोच.

समाजमाध्यमांवरून फिरणाऱ्या संदेशांमुळे होणारा एक गोंधळ येथेच दूर केलेला बरा. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक डिपॉझिट घेता येत नाही, असे ठामपणे सांगितले जाते. ती तरतूद केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातील आहे. तो कायदा हा नमुना असून एखाद्या राज्याने स्वीकारल्याशिवाय तेथे लागू होत नाही. महाराष्ट्रातील वादात १९९९ चा अधिनियम आणि आपला करार हेच आधार घ्यावेत.

नोटीस, शेवटचे भाडे आणि रूममेट

घर सोडत असल्याची सूचना करारातील मुदतीप्रमाणे आणि लेखी द्यावी. ज्यांना आपण दोन वर्षे ‘काका’, ‘काकू’ म्हणत आलो त्यांना पत्र लिहिणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते, पण लेखी सूचना नम्र भाषेतही देता येते. ‘काका, नमस्कार. करारात ठरल्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस म्हणून कळवत आहे की ३१ तारखेला आम्ही घर रिकामे करून चावी आपल्याकडे देऊ. त्या दिवशी आपण स्वतः येऊन घर पाहून घ्यावे, अशी विनंती’ एवढा मजकूर ई-मेल आणि व्हॉट्सॲप या दोन्हींवर गेला तरी पुरेसे आहे. फोनवर बोलणे झालेच तर त्यानंतर ‘आता बोलल्याप्रमाणे’ असे म्हणून त्याचा सारांश लिहून पाठवावा.

शेवटच्या एक-दोन महिन्यांचे भाडे न देता ते डिपॉझिटमधून वळते करून घेण्याची पद्धत रुळलेली आहे, आणि मालक पैसे बुडवील अशी शंका असलेल्या भाडेकरूला ती सुरक्षित वाटते. मालकाने लेखी होकार दिला असेल तर ती खरोखरच सोयीची आहे, कारण अडकणारी रक्कमच लहान होते. होकाराशिवाय भाडे थांबवले तर मात्र तो कराराचा भंग ठरतो आणि पुढच्या प्रत्येक चर्चेत ‘भाडे आधी तुम्ही थकवलेत’ हे वाक्य ऐकावे लागते.

दोन-तीन मित्रांनी मिळून घर घेतले असेल तर करारावर कोणाची नावे आहेत आणि डिपॉझिट कोणाच्या खात्यातून गेले, हे तपासावे. मध्येच एक जण सोडून गेला आणि त्याच्या जागी आलेल्याने त्याचा वाटा परस्पर दिला, तर मालकाच्या दृष्टीने परतावा करारावरील नावालाच देय राहतो. आपसातला हिशेब आपसात लिहून ठेवलेला असावा. तसेच मालक परदेशात असेल आणि त्याचे आई-वडील किंवा नातेवाईक कुलमुखत्यार म्हणून व्यवहार पाहत असतील, तर प्रत्येक सूचना दोघांनाही पाठवावी. अन्यथा ‘मला बाबांनी सांगितले नाही’ आणि ‘मला मुलाने सांगितले नाही’ यांच्यामध्ये भाडेकरू अडकून पडतो.

घर सोपवण्याचा दिवस

या एका दिवशी तासभर दिला तर पुढचे तीन महिने वाचतात. चित्रीकरण सामान पूर्ण हलवल्यानंतर, झाडलोट झाल्यावर आणि दिवसाउजेडी करावे. मुख्य दरवाजावरच्या नावाच्या पाटीपासून सुरुवात करून मोबाइल बंद न करता एकेका खोलीतून सावकाश फिरावे. भिंती चारही बाजूंनी, छताचे कोपरे, खिडक्यांच्या काचा आणि जाळ्या, कपाटांची आतली बाजू, स्वयंपाकघराचा ओटा, सिंकच्या खालचा पाइप, चिमणीची जाळी, बाथरूममधील टाइल्स आणि कमोडची टाकी हे सर्व दिसले पाहिजे. नळ उघडून पाणी वाहताना दाखवावे, पंखे व दिवे लावून दाखवावेत, गिझर सुरू करून त्याचा दिवा लागलेला दाखवावा. ज्या ठिकाणी खरोखर डाग किंवा तडा आहे तिथे थांबून तोही दाखवावा. दोष वगळून केलेले चित्रीकरण पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येते आणि बाकीच्या सगळ्यावरचाच विश्वास उडतो.

शेवटी वीज मीटरवरील आकडा आणि पाइप गॅस असल्यास त्याच्या मीटरवरील आकडा, मीटर क्रमांकासह, छायाचित्रात घ्यावा. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवावी, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडायचा झाल्यास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि दहा ठिकाणांहून फिरून आलेल्या प्रतीपेक्षा मूळ फाइलविषयी असे प्रमाणपत्र देणे सोपे जाते. घरात आलो त्या दिवशीची छायाचित्रे असतील तर तीही शोधून एकत्र ठेवावीत. नसतील तर सामान लावतानाचे, वाढदिवसाचे, पाहुणे आल्याचे फोटो चाळावेत. मागच्या भिंतीवरील ओल आपण येण्यापूर्वीची आहे, हे अनेकदा अशाच एखाद्या फोटोत सापडते.

मालक किंवा त्याचा प्रतिनिधी हजर असताना घर एकत्र फिरून पाहावे आणि त्याच वेळी ताबापावतीवर सही घ्यावी. पावतीत फार काही लागत नाही: घराचा पत्ता, रिकामा ताबा मिळाल्याची तारीख व वेळ, किती चाव्या दिल्या, दोन्ही मीटरचे आकडे, पाहणीत आढळलेले दोष (नसल्यास ‘काही नाही’ असा स्पष्ट उल्लेख) आणि डिपॉझिट कोणत्या तारखेपर्यंत परत मिळेल. सही करण्यास मालक टाळाटाळ करत असेल तर हाच मजकूर त्याच्यासमोर व्हॉट्सॲपवर पाठवावा आणि ‘चावी मिळाली’ एवढे उत्तर मागावे. चावी वॉचमनकडे ठेवून निघून जाणे शक्य तितके टाळावे, कारण ताबा नेमका कोणत्या दिवशी दिला हाच मग वादाचा विषय होतो.

डिपॉझिट मिळेपर्यंत चावी अडवून ठेवावी का?

हा सल्ला मित्रमंडळींकडून हमखास मिळतो आणि तो धोक्याचा आहे. १९९९ च्या अधिनियमातील कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्याकडून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई घेता येते. वीस हजार रुपये भाड्याच्या घरात एक महिना अडून राहिल्यास चाळीस हजारांची मागणी उभी राहू शकते, म्हणजे डिपॉझिट वाचवण्याच्या नादात तेच संपते. काही करारांत मालकाने डिपॉझिट परत न केल्यास भाडेकरूला ते मिळेपर्यंत भाडे न देता घरात राहता येईल, असे कलम घातलेले असते. तसे स्पष्ट कलम असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही आपण त्या कलमाच्या आधारे थांबलो आहोत हे मालकाला त्याच दिवशी लेखी कळवावे. असे कलम नसेल तर मुदतीत घर सोपवून पैशांचा वाद वेगळा चालवणेच शहाणपणाचे आहे.

कोणती कपात मान्य करावी, कोणती नाही

सर्वाधिक वाद रंगकामावरून होतात. ‘एक महिन्याचे भाडे रंगकामाचे’ असे कलम करारात स्वच्छ लिहिलेले असेल आणि आपण त्यावर सही केलेली असेल, तर ते कितीही जाचक वाटले तरी तिथे भांडायला फारसा वाव राहत नाही. त्यावर घासाघीस करायची ती घर घेतानाच. असे कलम नसेल तर दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. काळानुसार फिकट झालेला रंग, फर्निचरमागच्या भिंतीची बदललेली छटा, कॅलेंडर किंवा घड्याळासाठी मारलेले दोन-चार खिळे, बाहेरून झिरपलेल्या पावसाने आलेली ओल आणि पापुद्रे ही झीज किंवा इमारतीचा दोष आहे. त्याचा खर्च मालकाचा. मुलांनी रंगवलेली भिंत, परवानगीशिवाय बदललेला रंग, टीव्हीचा स्टँड काढताना उखडलेले प्लॅस्टर हे नुकसान आहे. त्याचा खर्च भाडेकरूचा. नुकसान एका भिंतीचे असेल तर भरपाईही त्या भिंतीपुरतीच असावी. शिवाय तो रंग किती जुना होता हेही विचारावे. आपण येण्याच्या पाच वर्षे आधी दिलेल्या रंगाच्या जागी नव्या रंगाचा संपूर्ण खर्च मागितला जात असेल, तर मालकाला आपल्या पैशांतून नूतनीकरण करून हवे आहे असाच त्याचा अर्थ होतो.

उपकरणांनाही हीच कसोटी लावावी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने गिझरची कॉइल जळणे, जुन्या फ्रिजचा गॅस संपणे, नळाचा वॉशर झिजणे ही वापरातली झीज आहे. फुटलेली काच, हरवलेली चावी, तडकलेला कमोड ही आपली जबाबदारी आहे. दुरुस्तीऐवजी नवी वस्तूच घेतल्याचे बिल आले तर दुरुस्ती का शक्य नव्हती, हे विचारणे पूर्णपणे रास्त आहे. घर राहते असताना बिघाड झाला तेव्हा लगेच मालकाला कळवलेला संदेश अशा वेळी मोठा आधार ठरतो.

साफसफाईची कपात मान्य करायची की नाही हे घर कोणत्या अवस्थेत दिले यावर अवलंबून आहे. झाडून, पुसून, ओटा व बाथरूम धुऊन दिलेल्या घरासाठी ‘डीप क्लीनिंग’चे बिल भाडेकरूवर टाकणे योग्य नाही. तेलकट चिमणी तशीच सोडली असेल तर त्यापुरते पैसे देऊन मोकळे व्हावे.

वीज, गॅस, पाणी यांची वापराची बिले भाडेकरूचीच असतात. शेवटचे बिल आपण गेल्यावर येते आणि त्यात मालकाच्या किंवा नव्या भाडेकरूच्या वापराचे दिवसही मिसळलेले असू शकतात, म्हणून सोडतानाचा मीटरचा आकडा महत्त्वाचा. ग्राहक क्रमांक हाताशी ठेवला तर महावितरणचे बिल आपल्यालाही पाहता येते.

सोसायटीच्या रकमांबाबत मात्र बारकाईने पाहावे. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी शुल्क घेते ते सदस्याकडून, म्हणजे मालकाकडून घेते, आणि महाराष्ट्रात ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही. ते भाडेकरूने भरावे असे करारात नसेल तर निघताना एकदम बावीस महिन्यांचे शुल्क कापणे समर्थनीय नाही. सामान हलवण्याचे शुल्क घेतले असेल तर सोसायटीची पावती मागावी.

लॉक-इनच्या आत घर सोडले म्हणून संपूर्ण डिपॉझिट जप्त, हा प्रकार आय.टी. कंपन्यांतील बदल्यांमुळे वारंवार घडतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत. नुकसान मोजता येण्यासारखे असेल तर ते दाखवावेही लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून घर पुढे कोणत्या तारखेपासून भाड्याने गेले याची माहिती घ्यावी. आठवडाभरात नवा भाडेकरू आला असेल तर तीन महिन्यांच्या भाड्याचे नुकसान झाले, असे म्हणणे टिकणे कठीण आहे.

एक हिशेब, आकड्यांसह

समजा डिपॉझिट ६०,००० रुपये होते आणि मालकाने पुढीलप्रमाणे कपात केली: रंगकाम १८,०००, साफसफाई ४,५००, गिझर ६,५००, वीज १,३४०, शिफ्टिंग शुल्क २,०००, नॉन-ऑक्युपन्सी ३,३००. एकूण कपात ३५,६४० रुपये आणि खात्यात आले २४,३६० रुपये. यावर ‘हे अन्यायकारक आहे’ असे लिहून काही साधत नाही. बाबवार उत्तर द्यावे लागते. वीज मीटरच्या आकड्याप्रमाणे जुळते, म्हणून १,३४० मान्य. शिफ्टिंग शुल्क करारात आहे आणि पावतीही आहे, २,००० मान्य. रंगकामात टीव्हीमागच्या एका भिंतीचे प्लॅस्टर उखडले होते, त्याचे १,८०० मान्य. चिमणी साफ करायची राहिली होती, त्याचे १,००० मान्य. गिझरची कॉइल क्षाराने जळली आणि तसे तेव्हाच कळवले होते, म्हणून अमान्य. नॉन-ऑक्युपन्सी करारात नाही, अमान्य. मान्य रक्कम ६,१४० रुपये, म्हणून परतावा ५३,८६० असायला हवा, मिळाले २४,३६०, येणे २९,५००.

आपल्याकडचे खरे देणे असे स्वतःहून आणि चटकन मान्य करणे ही या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत परिणामकारक गोष्ट आहे, असे माझे मत आहे. पुढे वकील, मध्यस्थ किंवा न्यायाधीश यांच्यापैकी जो कोणी हा कागद पाहील, त्याला पैसे अडवून कोण बसले आहे आणि हिशेब कोण करत आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते.

मागणीपत्र

पत्र एका पानापेक्षा मोठे नसावे. नमुना असा:

‘मा. श्री. … यांस, सप्रेम नमस्कार. आपल्या … येथील सदनिकेचा रिकामा ताबा मी दिनांक … रोजी आपणांस दिला. करारातील कलम … प्रमाणे ६०,००० रुपये डिपॉझिट ताबा दिल्यावर परत करावयाचे होते. दिनांक … रोजी मिळालेले २४,३६० रुपये मी एकूण येण्यापैकी अंशतः परतफेड म्हणून स्वीकारले आहेत. आपण केलेल्या कपातीपैकी ६,१४० रुपये मला मान्य असून बाबवार तपशील सोबत जोडला आहे. उर्वरित २९,५०० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. एखादी कपात कायम ठेवावयाची असल्यास तिचे बिल, पैसे दिल्याची पावती आणि छायाचित्रे त्याच मुदतीत पाठवावीत. मुदतीत रक्कम न मिळाल्यास तिच्यावर व्याजाची मागणी केली जाईल, याची कृपया नोंद घ्यावी.’

यातील दोन वाक्ये गाळू नयेत. ‘अंशतः परतफेड म्हणून’ हे शब्द नसतील तर मिळालेली रक्कम आपण पूर्ण व अंतिम म्हणून घेतली, असे समोरचा म्हणू शकतो. त्याच कारणासाठी ‘फुल अँड फायनल’ असे लिहिलेल्या कागदावर किंवा संदेशावर ‘ओके’ पाठवू नये. व्याजाचा उल्लेख आवश्यक आहे, कारण व्याज अधिनियम, १९७८ नुसार परतफेडीची तारीख लेखी ठरलेली नसेल तेव्हा व्याजाची मागणी करणारी लेखी सूचना दिलेली असणे उपयोगी पडते. पत्र करारातील पत्त्यावर, पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने आणि शिवाय ई-मेलने पाठवावे. पोस्टाची पावती जपून ठेवावी.

पत्राने काम झाले नाही तर

पुढची पायरी वकिलामार्फत नोटीस ही आहे. ती जवळजवळ आपल्या पत्रासारखीच असते, पण वकिलाच्या लेटरहेडवर आल्यामुळे अनेक मालक तिथेच तडजोडीला येतात. कलम ५५ चा मुद्दा असल्यास तो या टप्प्यावर मांडावा.

त्यानंतर थेट दावा दाखल करण्याआधी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करण्याचा विचार करावा. प्राधिकरण समोरच्याला बोलावते आणि प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. दोघांची सहमती झाली तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. वीस-तीस हजारांच्या वादाला हा मार्ग सर्वांत शोभणारा आहे, आणि तरीही फार थोड्या भाडेकरूंना तो माहीत असतो. याच कायद्याच्या कलम १२ नुसार महिलांना, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना, दिव्यांगांना आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आतील व्यक्तींना मोफत वकीलही मिळू शकतो. महिलांसाठी उत्पन्नाची अट नाही.

दावा करायचाच झाला तर रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. ‘पुढच्या महिन्यात देतो’ अशा तोंडी आश्वासनांनी ही मुदत वाढत नाही. मुंबई, पुणे अशा काही शहरांत मालक व लायसन्सधारक यांच्यातील वादांसाठी लघुवाद न्यायालये आहेत, ती नसतील तिथे दिवाणी न्यायालयात जावे लागते. केवळ डिपॉझिटच्या परताव्याचा दावा नेमका कुठे दाखल करायचा हे वकिलाकडून आधी पक्के करून घ्यावे, कारण चुकीच्या न्यायालयात गेलेला दावा परत येण्यातच महिने जातात. वकिलाची फी, कोर्ट फी आणि तारखांना जाणारा वेळ मांडून पाहिला तर लहान रकमेसाठी दावा क्वचितच परवडतो. म्हणूनच खरा जोर पत्र, नोटीस आणि लोकअदालत या तीन टप्प्यांवर लावावा.

पोलिस ठाण्यात गेल्यास हा दिवाणी वाद आहे असे सांगितले जाते आणि बहुतेक प्रसंगी ते बरोबरच असते. धमकी, मारहाण किंवा सामान अडवून ठेवणे असे काही घडले असेल तर मात्र तक्रार द्यावी. सोसायटीच्या सेक्रेटरीला पैसे मिळवून देण्याचा अधिकार नाही. मालकाचे नाव, फोटो आणि नंबर समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह आवरावा, कारण त्यातून बदनामीची वेगळी तक्रार ओढवते. जेवण आणि साफसफाईसह सोय देणाऱ्या पीजी किंवा वसतिगृहाच्या बाबतीत ती सेवा असल्याचे म्हणता येते, म्हणून तिथे ग्राहक आयोगाचा मार्गही विचारात घेता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तडजोड झाली तर ती किती रकमेवर, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या मार्गाने देण्याची आहे, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पैसे शक्यतो थेट बँक खात्यात घ्यावेत, आणि ‘आता काही येणे नाही’ अशी पावती रक्कम जमा झाल्यानंतरच द्यावी. मालकाने पुढच्या तारखेचा चेक दिला आणि तो शिल्लक नसल्यामुळे परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ चा मार्ग खुला होतो. त्यासाठी बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. या मुदती चुकवू नयेत म्हणून बँकेचा चेक परतीचा मेमो हाती येईल त्याच दिवशी वकिलाला दाखवावा.